कळफलक कुणाच्या हातात?

औशासारख्या तालुक्याच्या गावी मुलींनी गट करून व्हिडिओ गेम तयार करावा असं म्हटलं, की लगेच प्रश्न येतो: पोरांचा नाद पोरींना कशाला? मुलीच्या वेळाला मोकळा वेळ म्हणायची आपल्याकडे पद्धतच नाही. आणि हा नाद पोरांचाच, हे तरी कुणी ठरवलं? ‘रिव्हर रेड’ हा १९८२चा गाजलेला विमानाचा खेळ कॅरोल शॉ या बाईने तयार केला होता.

तंत्र बायांना झेपत नाही, असं निदान औसा तालुक्यात तरी कुणी म्हणू नये. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात किल्लारी उद्ध्वस्त झाली. त्यानंतरच्या घरदुरुस्तीत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’च्या पुढाकाराने गावोगावच्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. भिंत मजबूत कशी करायची हे त्या शिकल्या आणि इतरांना समजावूही लागल्या. धारावीत नवनीत रंजन यांच्या ‘धारावी डायरी’ उपक्रमात वस्तीतल्या मुलींनी ‘एमआयटी ॲप इन्व्हेंटर’ या मोफत साधनावर मोबाइलची ॲप्स बनवली. एक पाणी भरायची पाळी सांगणारं, एक संकटात मदत मागायचं. ते खेळ नव्हते, पण रीत तीच.

खरी अडचण गटातल्या श्रमविभागणीची आहे. मिश्र गटात काय होतं ते आपण शिबिरांत पाहतोच. अहवाल मुलगे वाचतात, रांगोळी मुली काढतात. इथेही कळफलक मुलाच्या हातात जाईल आणि मुली चित्रं रंगवत बसतील. म्हणून पहिला गट फक्त मुलींचा असावा, पाच-सहा जणींचा. गोष्ट, चित्रं, आवाज, संगणकाला सूचना लिहिणं ही कामं दर दोन बैठकांनी फिरवावीत. काम रेंगाळेल. रेंगाळू द्या! शहरांत ‘गेम जॅम’ भरतात, सलग ४८ तासांत खेळ पुरा करायचा. घरी चूल कुणीतरी दुसरंच सांभाळत असेल त्यांना ते शोभतं.

आणि खेळ कशावर? पाण्यावरच घ्या. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा विषय शोधायला लांब जायला नको. पण हंडा भरून आणला की मुलीला गुण द्यायचे का? तसं केलं तर पाणी भरणं तिचंच काम, हे आपणच शिकवलं! की शाळेचा तास चुकला म्हणून गुण कापायचे? मग ज्या घरात दुसरं माणूसच नाही तिथली मुलगी कायम हरणार. भावाने हंडा उचलला की दोघांचे गुण वाढतील, असा नियम कुणी सुचवील, आणि त्याला एवढे गुण कशाला, म्हणून दुसरी भांडेल. हे भांडण आमच्या कितीतरी व्याख्यानांपेक्षा मोलाचं आहे, कारण इथे नियम त्यांनाच लिहायचा आहे. वाद मिटल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही.

फोन बहुतेकींचा स्वतःचा नसतो, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. शाळेची संगणक खोली रविवारी दुपारी दोन तास मिळेल का, किल्ली कुणाकडे असते, गावाकडे परतायची एसटी किती वाजता, हे आधी विचारा. ‘स्क्रॅच’सारखं मोफत साधन एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसतानाही चालतं.

पहिल्या पडद्यावर सगळ्याजणींची नावं हवीत. आडनाव लावायचं की आईचं नाव, की नुसतंच स्वतःचं, ते मुलींनी ठरवावं.