मुकी पेटी आणि बोलके टीकाकार

भाद्रपद जवळ आला की मराठी नियतकालिकांत एक लेख हमखास अवतरतो. लेखक बदलतो, लेख तोच असतो. त्यात 'डॉल्बी'च्या भिंती असतात, थरथरणारी तावदाने असतात, लोकमान्यांना आज काय वाटले असते हा प्रश्न असतो आणि शेवटी सनई-संबळ कुठे हरवले म्हणून एक हुंदका असतो. या लेखातल्या तक्रारीशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते त्यातल्या अज्ञानाशी, आणि त्याहून अधिक त्या अज्ञानालाच अभिरुची म्हणवून घेण्याच्या आपल्या सवयीशी.

आधी शब्दच पाहू. रे डॉल्बी हा अमेरिकन अभियंता १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. १९६५ साली लंडनला जाऊन त्याने स्वतःची प्रयोगशाळा काढली, ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्यासाठी. म्हणजे नको असलेला आवाज घालवणे हे ज्याचे पहिले काम, त्याचेच नाव सातारा-सांगली-कोल्हापुरात कानठळ्यांना मिळाले. अर्थांतराचे याहून नामी उदाहरण भाषाविज्ञानाच्या तासाला सापडणार नाही. तरीही हा शब्द आपण फक्त नाक मुरडण्यासाठी उच्चारतो. आमच्या कर्जत-नेरळकडे 'डीजे' म्हणतात, एवढाच फरक.

मान्य करायचे ते आधीच मान्य करतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, आणि सवलत मिळालीच तर वर्षातल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत. हे नियम पाळलेच पाहिजेत. शिवाय खर्जाचा स्वभावही ध्यानात घ्यावा. सेकंदाला चाळीस कंपनांच्या आवाजाची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांबीची असते. विटांची भिंत तिला फारशी अडवू शकत नाही. हळदीच्या रात्री शेजारच्या घरातली म्हातारी छातीत धडधडते म्हणते तेव्हा ती कांगावा करत नसते. पण तो आवाज किती चढवायचा हे ठरवतो सुपारी देणारा, आणि बटण असते ते वाजवणाऱ्याच्या हातात. ज्याने ती पेटी बनवली तो सुतार त्या मांडवात नसतोही. आमच्या निबंधांत मात्र त्यालाच शिक्षा होते, तीही नाव न घेता, 'या भिंती उभारणारे' असे म्हणून.

ही पेटी बनते कशी, हे त्या लेखकांपैकी कोणी पाहिले आहे काय? पोशीरच्या रस्त्याने आमच्यापैकी दोघांचे रोजचे जाणे-येणे आहे. तिथे पत्र्याच्या एका शेडमध्ये एक सुतार घरांचे दरवाजे करतो आणि उरलेल्या वेळात बेसच्या पेट्या. नेरळहून लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड, मग लॅमिंग्टन रोड: स्पीकर, जाळ्या, कोपऱ्यांचे पत्रे त्याच्याकडे या वाटेने येतात. उघडा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला तर त्यातून खर्ज निघत नाही. कागदी कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन उलट लाटा कडेवरून भेटतात आणि एकमेकींना खातात. पेटी हवी ती यासाठी, मागची लाट कोंडण्यासाठी किंवा तिला नळकांड्यातून वळवून पुढच्या लाटेच्या मदतीला आणण्यासाठी. पेटीतली हवा ही स्प्रिंग, नळकांड्यातली हवा हे वजन. नळकांडे लांब केले की सूर उतरतो, रुंद केले की चढतो. या हिशेबाची नीट मांडणी १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी केली. पोशीरच्या सुताराने ही नावे ऐकलेली नाहीत. पण स्पीकरसोबतच्या कागदावरच्या आकड्यांवरून पेटीचे घनफळ काढताना भिंतीची जाडी आणि आतल्या पट्ट्यांनी अडवलेली जागा वजा करायची, हे तो विसरत नाही.

आणि मग त्याची खरी कसोटी. पेटी तयार झाली की तो बोटाच्या पेराने तिच्या अंगावर जागोजागी ठोकतो. कुठे टणत्कार आला की म्हणतो, "इथं पेटी बोलते." तिथे आतून आडवी पट्टी बसते. अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडलाही कंठ असतो आणि तो दाबावा लागतो. जोडांतून हवा गळू नये म्हणून फेविकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून तो फटी बुजवतो. पेटीने स्वतः काही बोलायचे नाही, बोलायचे ते फक्त कोनाने. ज्या वस्तूला आपण गोंगाटाचे प्रतीक ठरवले, तिच्या कारागिराचे निम्मे कष्ट तिला मुकी करण्यात जातात. (आत्मनिष्ठ आणि वस्तुनिष्ठ शैलीवर आपण किती शाई खर्च केली! असो.)

शेवटचा हात फिरवण्याला आपण सजावट समजतो. माथेरानच्या पायथ्याशी चार महिने कोसळणाऱ्या पावसात तो पेटीच्या आयुष्याचा प्रश्न असतो. एमडीएफचा गुळगुळीतपणा शहरातल्या दिवाणखान्यात ठीक. इथे त्याच्या कडा ओल पिऊन फुगतात. प्लायवूडच्याही कापलेल्या कडाच आधी पाणी ओढतात, म्हणून तिथे लांबी भरायची, वाळू द्यायची, काचपेपर मारायचा, पुन्हा भरायची, मग प्रायमर, मग काळा खरबरीत रंग. हवा दमट असली की रंग लवकर धरत नाही. म्हणून शेवटचे लग्न आणि मृगाचा पहिला पाऊस यांच्या मधल्या दिवसांत शेडमध्ये रात्रीही दिवा असतो.

आता मिरजेकडे वळू, कारण आमचे विरोधक तिकडेच वळतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आनंद झाला. पण तंबोरे करणारी ती घराणी मुळात शिकलगारांची, शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात तलवारी म्यानात गेल्या आणि त्या हातांनी भोपळा धरला. याला कोणी परंपरेचा ऱ्हास म्हटले नाही. मग दरवाजे-चौकटी करणाऱ्याने बेसची पेटी केली की ऱ्हास कसा? दोन्हीकडे कोंडलेल्या हवेचीच करामत आहे. फरक आहे, आणि तो आम्ही लपवत नाही: भोपळ्याने गायचे असते, प्लायवूडने गप्प बसायचे असते. पण हा फरक दोन कारागिरींचा आहे, संस्कृती आणि विकृतीचा नव्हे.

देशीवादाचे आमचे मित्र येथे अडचणीत येतात. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ सालचा. त्यातला सुतार आपल्याला प्रिय आहे, कारण तो नांगर करतो, आणि मुख्य म्हणजे तो आता उरलेला नाही. जिवंत सुतार हातात जिगसॉ घेऊन पुढ्यात उभा राहिला की आपली देशी जाणीव एकदम शास्त्रीय संगीताची चाहती होते. कारागीर मेल्यावरच त्याला संस्कृतीत प्रवेश देणारी ही समीक्षा कोणत्या अर्थाने देशी आहे?

हा केवळ तात्त्विक वाद असता तर आम्ही लिहिले नसते. परिसरातल्या एका महाविद्यालयात एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी विषय सुचवला होता: पेटी बनवणाऱ्यांची बोली. तिच्या आजोबांनी नांगर केले, वडील पेट्या करतात. दोघांच्या शब्दांची यादी ती मांडणार होती. रंधा, पटाशी, गुण्या हे शब्द दोन्ही पिढ्यांत आहेत. 'पोर्ट', 'कॉइल', 'टॉप' नंतर आले, आणि 'बोलणे' या जुन्या क्रियापदाला नवा अर्थ फुटला. विषय परत आला, शेरा होता: 'साहित्यबाह्य'. तिला पर्याय सुचवण्यात आला, 'ग्रामीण कादंबरीतील बलुतेदार'. तिने तो मुकाट्याने घेतला आणि चांगले गुण मिळवले.

ध्वनिक्षेपक म्हणजे ज्यात बोलायचे ते की ज्यातून ऐकू येते ते, हेही मराठीत धड ठरलेले नाही. व्यासपीठावर एक अर्थ, सरकारी सूचनेत दुसरा. ज्या भाषेला ही दोन उपकरणे वेगळी करता येत नाहीत, तिच्या विभागाने एका सुताराच्या मुलीला शब्द गोळा करू नकोस म्हणून सांगावे? तिची वही आमच्यापाशी आहे. येत्या वर्षी तो विषय तिच्या नावानिशी पुन्हा अभ्यास मंडळापुढे ठेवणार आहोत, आणि या वेळी शेरा मारणाऱ्यांनी आधी पोशीरच्या त्या शेडमध्ये येऊन पेटीवर एकदा पेर ठोकून पाहावे अशी लेखी अटही घालणार आहोत.