पांढरीची माती उपसू नका!

शिरपूर जैन आणि पंचक्रोशीतल्या शेतकरी बंधुभगिनींनो, ट्रॅक्टर-जेसीबीवाल्यांनो,

पाऊस पडायच्या आत शेतं तयार करायची म्हणून ऐन उन्हाळ्यात जुन्या टेकाडांची माती ट्रॉल्या भरभरून उचलली जाते. कसदार म्हणून ती वावरात पडते, भरावाला जाते. हात जोडून विनंती आहे, यंदा ती उचलू नका. जेसीबीला एक दुपार पुरते, आणि मोडलेला थर पुन्हा लावता येत नाही.

पांढरीत, म्हणजे अशा जुन्या टेकाडात, गावावर गाव वसलेलं असतं. भिंती ढासळल्या, राख-शेण साचलं, त्यावर पुढच्यांनी घर बांधलं. सगळ्यांत जुनं ते तळाशी. संशोधक हे थर वरून खाली, बोटाबोटाने उकलतात. जळक्या लाकडाच्या कोळशावरून काळ निघतो, करपलेल्या दाण्यांवरून पीक कळतं, हाडांवरून जनावरं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षं असंच खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपूर्वी तिथली माणसं जव पिकवत होती. मेलेलं लेकरू ती दोन मडकी तोंडाला तोंड लावून घरातल्याच जमिनीखाली पुरत. त्यांचं लिहिलेलं एक अक्षर नाही, तरी त्यांचं दुःख आपल्यापर्यंत पोचलं, कारण माती जागेवर होती.

आपलं वाशीम म्हणजे वाकाटक राजघराण्याचं वत्सगुल्म. १९३९ मध्ये दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथे उजेडात आला आणि वत्सगुल्म शाखेचा इतिहास नव्याने लिहावा लागला. तो तांब्याच्या भावाने मोडीत गेला असता तर? पण ताम्रपट राजाचं आणि दानाचं सांगतो. त्या काळी इथे नांगर कोण धरत होतं, मडकी कोण घडवत होतं, हे त्यात नाही. शिरपूरचंही तसंच. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला देशभरातून लोक इथे येतात, पवळीच्या मंदिराचं दगडी काम पाहतात. ते दगड घडवणाऱ्यांच्या चुली कुठे होत्या? ते सांगेल तर मातीच सांगेल. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, भोनला, अशाच मातीखालून विटांचा प्राचीन स्तूप निघाला.

नांगरताना, विहीर किंवा पाया खणताना खापरं, मणी, नाणी, मोठ्या विटा, कोरीव दगड, हाडं दिसली तर काम तिथेच थांबवा. वस्तू उचलू नका, धुऊ नका, मूर्तीला शेंदूर फासू नका. जागेवरच फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा आणि तलाठ्याला किंवा मालेगावच्या तहसील कार्यालयात कळवा. भीतीपोटी लपवू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं, आणि कळवणाऱ्याचा हक्क त्याच कायद्याने राखला आहे. गुपचूप विकणाऱ्याला मात्र शिक्षा होऊ शकते.

ग्रामपंचायतीने येत्या ग्रामसभेत पांढरीची माती उचलण्यावर बंदीचा ठराव घ्यावा. शिक्षकांनी मुलांना घेऊन टेकाडं पाहावीत, त्यांची नोंद करावी. आणि ज्यांच्या ट्रॉल्या उद्या सकाळी निघणार आहेत, त्यांनी आज रात्रीच त्या थांबवाव्यात.