गायरान, वहिवाट आणि प्रेमकथा

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर घडणाऱ्या ऐतिहासिक प्रेमकादंबरीविषयी, म्हणजे ज्या प्रकाराला तिकडे ‘वेस्टर्न रोमान्स’ म्हणतात त्याविषयी, जे मार्गदर्शनपर लेखन आढळते त्यात एक शब्द हटकून येतो : समतोल. वास्तव किती आणि कल्पित किती, याचे प्रमाण लेखकाने साधावे, असा उपदेश असतो. धूळ, घामट घोडे, पटकी, दुष्काळ हे एका पारड्यात. अलौकिक प्रीती आणि सुखान्त हे दुसऱ्या पारड्यात. ही तागडीची प्रतिमाच मला चुकीची वाटते. वास्तव आणि अद्भुत ही एकाच मापाने मोजायची द्रव्ये नव्हेत. कोणत्या गोष्टीच्या बाबतीत वास्तवाशी इमान राखायचे आणि कोणत्या गोष्टीच्या बाबतीत स्वप्नाला मोकळीक द्यायची, असा खरा प्रश्न आहे. आणि तो वाङ्मयीन आहे तितकाच नैतिकही आहे.

भारतीय भाषांच्या अभ्यासकाने या परक्या आणि, विद्यापीठीय दृष्टीने, काहीशा हलक्या मानल्या गेलेल्या वाङ्मयप्रकाराकडे का वळावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. मराठीपुरते बोलायचे तर अद्भुत आणि वास्तविक यांचा झगडा आमच्या कादंबरीच्या जन्मापासून चालू आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) यांच्यामधील दहा वर्षांत अद्भुतरम्य कथेतून ऐतिहासिक कादंबरीकडे जी वाट निघाली, तिची तात्त्विक चर्चा राजवाड्यांनी १९०२ साली आपल्या ‘कादंबरी’ या निबंधात केली. योगायोग असा की त्याच १९०२ साली अमेरिकेत ओवेन विस्टर यांची ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि वेस्टर्न प्रेमकथेचा साचा तिथे पक्का झाला. पूर्वेकडून आलेली सुशिक्षित शिक्षिका, अबोल आणि सरळ मनाचा गुराखी, दोघांच्या मधे हिंसेविषयीचा मतभेद, आणि शेवटी विवाह. पुढील शंभर वर्षांतील हजारो कादंबऱ्यांनी हा आराखडा थोड्याफार फरकाने गिरवला आहे.

विस्टर यांनी वाचकाला उद्देशून लिहिलेल्या प्रास्ताविकात आपली कादंबरी ऐतिहासिक असल्याचा दावा केला आहे. एखाद्या काळाचे आणि पिढीचे जे लेखन प्रामाणिक दर्शन घडवते ते ऐतिहासिकच होय, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो वरकरणी निर्दोष दिसतो. कादंबरीचा काळ १८७४ ते १८९०, स्थळ वायोमिंग. विस्टर स्वतः १८८५ पासून तेथे जात-येत होते. गुराख्यांची बोली, खोगिराची घडण, माळावरचा उजेड हे सर्व त्यांनी पाहिलेले होते. तपशिलात कादंबरी खरी आहे, हे कोणीही मान्य करील. मग तिच्यात खोटे काय आहे?

त्यासाठी त्या भूमीचा व्यवहार समजून घेतला पाहिजे, आणि तो समजण्यास आपले ग्रामीण शब्द इंग्रजी शब्दांहून अधिक उपयोगी पडतात. १८६६ च्या सुमारास टेक्सासमधून उत्तरेकडे जनावरांचे तांडे हाकण्यास प्रारंभ झाला. सरकारी मालकीची मोकळी कुरणे बड्या पशुमालकांनी गायरानासारखी वापरली. फरक इतकाच की गायरान गावाचे असते, येथे ते ज्याचा कळप मोठा त्याचे होते. १८७४ साली ग्लिडन यांनी काटेरी तारेचे एकस्व घेतले, १८८६-८७ च्या हिवाळ्यात लक्षावधी जनावरे गारठून मेली, आणि हा काळ संपुष्टात आला. म्हणजे ज्या मुक्त माळावर एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराची कल्पनाशक्ती शतकभर चरत राहिली, तो माळ प्रत्यक्षात जेमतेम वीस वर्षे टिकला. दुसऱ्या बाजूने १८६२ च्या होमस्टेड कायद्याने लहान शेतकऱ्याला १६० एकर जमीन देऊ केली होती. अट वहिवाटीची : पाच वर्षे त्या जमिनीवर राहायचे, घर बांधायचे, ती कसायची. एकवीस वर्षांवरील व्यक्तीला किंवा कुटुंबप्रमुखाला हा अर्ज करता येई. स्त्रीलाही करता येई, ती अविवाहित किंवा विधवा असेल तर. नवऱ्यासह नांदणारी स्त्री कुटुंबप्रमुख मानली जात नसल्याने तिला स्वतःच्या नावे अर्ज करता येत नसे.

हे शेवटचे कलम प्रेमकादंबरीच्या दृष्टीने केवढे मोलाचे आहे, हे लक्षात घ्यावे. या प्रकारातील कथानकाचे सारे बळ विवाहाकडे धावत असते. आणि कायदा सांगतो की विवाह होताच जमीन मागण्याचा तुझा हक्क गेला. नायिकेच्या ‘हो’ या एका अक्षराची किंमत १६० एकर असू शकते. एवढा तीव्र नाट्यप्रसंग इतिहासाने आयता हाती दिला असता बहुसंख्य लेखक तो दृष्टीआड करून नायिकेला डाकूंच्या तावडीत देतात, आणि मग तिची सुटका करतात!

वायोमिंगच्या स्वीटवॉटर खोऱ्यात एला वॉट्सन नावाची स्त्री राहत होती. तिने १८८८ साली तेथे जमिनीसाठी अर्ज केला. शेजारीच जिम ॲव्हेरेल याची जमीन आणि दुकान होते. ज्या कुरणावर तिने घर बांधले ते एका बड्या पशुमालकाच्या वापरात होते. २० जुलै १८८९ रोजी सहा पशुमालकांनी एला आणि जिम यांना पकडून नेले आणि झाडाला फाशी दिले. कोणालाही शिक्षा झाली नाही. चेयेनच्या वृत्तपत्रांनी ती वेश्या होती, चोरीची गुरे मोबदला म्हणून घेत असे, अशी कथा पसरवली, आणि ‘कॅटल केट’ हे नाव तिला चिकटले. पुढे संशोधकांना १८८६ सालचा, लँडर येथील, विवाहपरवान्याचा अर्ज सापडला. त्यावर ॲव्हेरेल यांच्यासह किंचित बदललेल्या नावाने एलाच असावी, असे ते मानतात. हे खरे असेल तर तर्क उघड आहे : तिच्या नावे अर्ज करता यावा म्हणून दोघांनी आपला विवाह लपवला. प्रेम, गुप्तता, जमिनीची आस, सत्तेशी वैर. कोणत्या प्रेमकथेत याहून अधिक हवे?

‘द व्हर्जिनियन’मध्ये या प्रेमकथेला जागा नाही. तेथे फाशी आहे, पण ती नायकाच्या हातून, आणि फाशी जाणारे खरोखरच गुरेचोर आहेत. एका प्रकरणात न्यायाधीश हेन्री शिक्षिकेला समजावून सांगतात की न्यायालये निकामी झाल्यावर नागरिकांनी कायदा हाती घेणे हे कायद्याचेच रक्षण होय. हे पात्र बडे पशुमालक आहे, हे ध्यानात ठेवावे. १८८५ साली विस्टर ज्या मेजर वॉलकॉट यांच्याकडे पाहुणे म्हणून राहिले, त्यांनीच १८९२ साली टेक्सासमधील भाडोत्री बंदूकबाज घेऊन जॉन्सन परगण्यातील लहान शेतकऱ्यांवर स्वारी केली. खोगीर खरे आहे, उजेड खरा आहे. जमीन मात्र खोटी आहे. तपशिलाचे वास्तव हे येथे मोठ्या असत्याचे जामीनदार झाले आहे. (१९८० सालच्या ‘हेवन्स गेट’ या चित्रपटाने पशुमालकांना खलनायक केले खरे, पण एला तेथेही कुंटणखानाच चालवते. बदनामी ही सर्व वाङ्मयप्रकारांत सर्वाधिक टिकाऊ असते.)

कल्पिताच्या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ आहे, आणि त्यासाठी मी एका दस्तऐवजाकडे वळतो. एलिनोर प्रुइट स्ट्युअर्ट या डेन्व्हरमध्ये कपडे धुण्याची कामे करणाऱ्या, लहान मुलगी पदरी असलेल्या स्त्रीने १९०९ साली वायोमिंगमधील बर्न्टफोर्क येथे एका शेतकऱ्याकडे घर सांभाळण्याची नोकरी धरली. तेथून तिने आपल्या जुन्या मालकिणीला लिहिलेली पत्रे ‘अटलांटिक मंथली’त आली आणि १९१४ साली ग्रंथरूपाने निघाली. स्त्री एकटी जमीन मिळवू शकते, याचा तो जणू जाहीरनामा ठरला. वस्तुस्थिती अशी की अर्ज केल्यानंतर काही दिवसांतच तिने त्या शेतकऱ्याशी विवाह केला होता आणि पत्रांत तो बराच काळ सांगितला नाही. १९१२ साली तिने आपला हक्क सोडून दिला आणि ती जमीन सासूच्या नावे गेली. काही अभ्यासक याला लबाडी म्हणतात. मला ते मान्य नाही. तिने हिवाळा, श्रम, शेजार, अंतरे यांविषयी कोठेही सवलत घेतलेली नाही. कल्पित आहे ते एकाच ठिकाणी : स्वतःच्या नावाची जमीन आणि मनाजोगता पती ही दोन्ही एकाच बाईला मिळतात, या इच्छेत. कायद्याने जे वेगळे केले ते तिने पत्रांत एकत्र नांदवले. अद्भुताचे योग्य स्थान मला येथे दिसते. इतिहासाने जे नाकारले ते मागणे हा स्वप्नाचा अधिकार आहे. इतिहासाने जे हिरावून घेतले ते कधी कोणाचे नव्हतेच, असे सांगणे हा नव्हे.

वास्तववादी टीकाकार सुखान्ताला नाके मुरडतात. ते मला दांभिक वाटते. सुखान्त हा या प्रकाराचा वाचकाशी झालेला करार आहे, जसा संस्कृत नाटकाचा होता. शाकुंतलाच्या सातव्या अंकाला आपण स्वप्नरंजन म्हणून हिणवत नाही. उलट ज्या लेखकांना आपल्या कथेतील भावनेचा भरवसा नसतो तेच माहितीचा मारा करतात. २००८ साली एका लोकप्रिय अमेरिकी लेखिकेच्या कादंबरीत असे उघडकीस आले की प्रणयप्रसंगानंतर नायक-नायिका काळ्या पायांच्या फेरेटविषयी, म्हणजे मुंगसासारख्या एका प्राण्याविषयी, जे संभाषण करतात ते एका पर्यावरणविषयक मासिकातील लेखातून जवळजवळ जसेच्या तसे आलेले होते. वाङ्मयचौर्याचा मुद्दा बाजूला ठेवू. मला त्यातील वाङ्मयीन विनोद अधिक बोलका वाटतो : मिठीत असलेली माणसे प्राणिशास्त्र बोलू लागतात, कारण लेखिकेला वाटते की इतिहास म्हणजे माहिती. त्याच प्रकारच्या कादंबऱ्यांत मूळ रहिवासी जमातीचा नायक अर्धनग्न, उदात्त आणि विलक्षण एकाकी असतो; त्याला काका-मामा नसतात, करार नसतात. १८८७ च्या डॉस कायद्याच्या वेळी या जमातींकडे सुमारे १३.८ कोटी एकर जमीन होती, १९३४ पर्यंत ती सुमारे ४.८ कोटींवर आली. हा आकडा कथेत यावा असे माझे म्हणणे नाही. ज्या माणसाची जमीन अशी जात आहे तो ज्या तऱ्हेने प्रेम करील, ती तऱ्हा कथेत यावी, एवढेच.

बेव्हर्ली जेन्किन्स यांची ‘नाइट साँग’ (१९९४) ही कादंबरी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कॅन्ससमधील कृष्णवर्णीयांनी वसवलेले गाव, तेथील शिक्षिका, आणि दहाव्या घोडदळातील सार्जंट. साचा विस्टर यांचाच, पण पायाखालची जमीन बदललेली. असे गाव हे स्वप्न नव्हते. १८७७ साली वसलेले निकोडेमस आजही नकाशावर आहे. प्रेम संपूर्ण अद्भुतरम्य ठेवूनही ही कादंबरी इतिहासाला खरी राहते, कारण अद्भुताची मागणी करणारी माणसे येथे ती आहेत ज्यांना वेस्टर्नने आजवर दारातही उभे केले नव्हते. तरीही एक काटा उरतो. दहावे घोडदळ ज्यांच्याशी लढले ते मूळ रहिवासी होते. एका वंचिताचे स्वप्न दुसऱ्याच्या हिरावलेल्या भूमीवर उभे राहते, आणि यावर मला कोणताही सोपा उपाय दिसत नाही. लेखकाने तो काटा काढू नये, एवढे मात्र वाटते.

मराठी वाचकाला या सरहद्दीचा सर्वोत्तम परिचय घडला तो जी. ए. कुलकर्णी यांच्यामुळे. साठीच्या दशकात त्यांनी कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांतील ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ ही त्रयी ओहायोच्या अरण्यात घडते. ओहायो आज कोणी पश्चिम म्हणणार नाही, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम तेथेच सुरू होत असे. सेवर्ड ही निरक्षर रानकन्या आणि पोर्शस हा मॅसॅच्युसेट्सचा शिकलेला वकील यांचे लग्न दारूच्या नशेत, इतरांच्या थट्टेतून जुळते. विस्टर यांच्या साच्याची ही उलटापालट आहे : शिक्षण पुरुषाकडे, बळ स्त्रीकडे, आणि प्रीती विवाहानंतर, वर्षांच्या हिशेबाने, झाडे तोडता तोडता येणारी. असा संसार मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नव्हते.

मला मात्र अधिक विचार करायला लावते ते मधल्या पुस्तकाचे नाव. मूळ इंग्रजी शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘शेते’ इतकाच आहे. जी. एं.नी ‘शिवार’ हा शब्द घेतला. शेत सुटे असू शकते. शिवार सुटे नसते. शिवार म्हटले की गाव आले, बांध आला, बांधावरून होणारी भांडणे आली, कोणाची हद्द कोठे संपते याची तोंडी आणि कागदी स्मृती आली.