पाचव्या शीलाबद्दल मुलांशी बोलायचे कधी?

पुण्यातील कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बारावीच्या निकालाची पार्टी करून, दारू पिऊन तो गाडी चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे. पुढे चर्चा झाली ती जामिनासाठी सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाची, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाची आणि पबच्या परवान्यांची. ती व्हायलाच हवी होती. पण एक प्रश्न मागेच राहिला. सतराव्या वर्षी मूल पबमध्ये बसते, तेव्हा त्याच्याशी दारूबद्दल बोलायची वेळ कधीच निघून गेलेली असते. ती वेळ कोणती?

कायदा कमी पडतो असे नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, तर इतर दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दारूची विक्री किंवा ने-आण करण्यासाठी मुलाला वापरले, तर कलम ७८ खाली तेवढीच शिक्षा आहे. पण हळदीच्या रात्री मंडपामागे बैठक बसते आणि सोडा-चकणा आणायला दहा वर्षांच्या पोराला पिटाळले जाते, तिथे कोणता निरीक्षक येणार?

सरकारवर विसंबून राहण्यातही अर्थ नाही. संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये दारूबंदीचे मार्गदर्शक तत्त्व आहे. तरी चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. जून २०२५ मध्ये मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवण्याचा निर्णय झाला, तोही महसुलासाठी. ज्या तिजोरीला दारूचा पैसा लागतो, ती आपल्या मुलांची राखण कितपत करणार?

म्हणून प्रश्न आपल्या घराकडे येतो. आपली मुले पाच-सहा वर्षांची असतानाच पंचशील तोंडपाठ म्हणतात. पाचवे शील पालीत अस्खलित येते, पण त्याचा अर्थ त्यांच्याशी किती घरांत बोलला जातो? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, हेही मुलांना ठाऊक असते. आणि जयंतीच्या मिरवणुकीत डीजेपुढे झिंगून नाचणारा काकाही त्यांना दिसतो. पाठांतर आणि डोळ्यांसमोरचे दृश्य जुळत नाही, हे मुलांना आपल्या आधी कळते.

मुलांशी कसे बोलावे, याचा धडा धम्मातच आहे. मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात तथागत राहुलला उपदेश करतात. परंपरेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. विषय खोटे बोलण्याचा आहे. तथागत भांड्यातले उरलेले थोडेसे पाणी दाखवून सुरुवात करतात, मग आरशाचा दाखला देतात. काही करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर, याने मला किंवा दुसऱ्याला त्रास होईल का, हे स्वतःला विचारायला शिकवतात. सम्राट अशोकानेही आपल्या भाब्रू लेखात हा उपदेश वाचण्याची शिफारस केली आहे.

हीच रीत आपल्याला घेता येईल. वय साधारण नऊ ते बारा. या वयात मूल आई-बापाचे ऐकते, प्रश्नही विचारते. पुढे मित्रांचा शब्द वरचढ होतो. एकच मोठे प्रवचन नको, छोट्या गप्पा हव्यात. टीव्हीवर दारूच्या नावाने सोड्याची जाहिरात लागली, की विचारा, "ही नेमकी कशाची जाहिरात असेल?" मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते आणि दारू त्यात अडथळा आणते, हे सोप्या शब्दांत सांगा. कुणी आग्रह केला तर नाही कसे म्हणायचे, हे घरातच बोलून बघा. आणि एवढे नक्की सांगा, "कुठे अडकलास तर फोन कर. आधी घ्यायला येऊ, बाकीचे नंतर बोलू."

अवघड जागा एकच आहे. बापच पीत असेल तर? अशा घरात बहुतेक वेळा गप्प बसले जाते, कारण आधीच समाजाकडे बोट दाखवणारे कमी नाहीत. पण त्या गप्प बसण्याची किंमत मूल मोजते. बापाने "मला ही सवय लागली, ती सोडणे जड जाते आहे" एवढे मुलाजवळ खरे बोलले, तरी शंभर ताकिदींपेक्षा ते अधिक पोचेल. आईने, आजीने किंवा विहारातल्या ताईने बोलले तरी चालेल. दोष मुलाचा नाही, हे त्याला कळले पाहिजे.

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासात विहारांतून ग्रंथवाचन होते. त्यातला एक रविवार नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ठेवावा, पाचव्या शीलावर मुलांना प्रश्न विचारू द्यावेत, असे आम्ही प्रत्येक विहार समितीला सुचवतो. आणि येत्या जयंतीला चकणा आणायला मुलांना पाठवणे बंद करावे. त्यासाठी कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!