घोडा कोणाचा, मिरची कोणाची

मराठ्यांना घोडे, मोगलांना नीळ, चिन्यांना रेशीम. ऐतिहासिक डावपेचांचा खेळ रचायला बसलेला कोणीही अशी यादी बसल्या बैठकीत करून देईल. खेळ संगणकावरचा असो वा पुठ्ठ्याच्या पटावरचा, कोणाकडे कोणता माल आहे यावरच कोण कोणाशी तह करणार आणि कोण कोणावर चालून जाणार हे ठरतं. तेव्हा माल संस्कृतीच्या नावावर कायमचा लिहून टाकावा, की तो जमिनीवर विखुरलेला ठेवावा आणि जमीन ज्याच्या ताब्यात त्याचा माल म्हणावं, हा प्रश्न खेळ रचणाऱ्याला टाळता येत नाही. आपली मुलंही आता हे खेळ मोबाइलवर खेळतात आणि पुस्तकातल्या इतिहासापेक्षा पटावरचा इतिहास त्यांच्या जास्त लक्षात राहतो. म्हणून या प्रश्नाला किरकोळ मानता येत नाही.

नावावर लिहिण्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ‘सिव्हिलायझेशन ५’ या खेळाच्या २०१३च्या विस्तारात इंडोनेशिया आली, ती जायफळ, लवंग आणि मिरी हे तीन पदार्थ घेऊन. ते इतर कोणत्याही संस्कृतीला स्वतः पिकवता येत नाहीत. जायफळ शतकानुशतकं खरोखरच बांदाच्या चिमुकल्या बेटांवरून येत होतं आणि त्यापायी १६२१ साली डचांनी तिथल्या लोकांची कत्तल केली. लवंगही मोलुक्कांचीच. खेळाडूला हा इतिहास ठाऊक नसला तरी ‘मसाल्याची बेटं’ त्याच्या डोक्यात पक्की बसतात. एका नियमात एवढं साधत असेल तर तो नियम चांगलाच म्हणायचा. पण तिसरा पदार्थ? मिरी मुळात मलबारची. रोमन जहाजं तिच्यासाठी मुझिरिसला येत होती. सुमात्रात ती पुढे पिकली हे खरं, पण एकदा पट्टा इंडोनेशियाच्या नावावर झाला की मलबार त्या मालापुरता नकाशावरून पुसला जातो.

दुसरी रीत जमिनीची. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा खेळ ११ नोव्हेंबर १४४४ला सुरू होतो. त्यात प्रत्येक प्रांताचा एक व्यापारी माल ठरलेला असतो आणि राज्य बदललं तरी तो प्रांताकडेच राहतो. तेव्हाचं फारुकींचं खानदेशही त्यात आहे. ही रीत मला जास्त प्रामाणिक वाटते. तरी एका प्रांताला एकच माल म्हटल्यावर किती गोष्टी गळतात, हे खानदेशातल्याच नंदुरबार जिल्ह्यावर घासून पाहावं.

तापीवरचं प्रकाशे हे ताम्रपाषाण काळापासूनचं वस्तीचं ठिकाण. १३४२ साली दिल्लीहून चीनकडे वकील म्हणून निघालेला इब्न बतूता दौलताबादेहून खंबायतला जाताना नंदुरबारवरून गेला. त्याने इथल्या मराठ्यांबद्दल लिहिलं ते त्यांच्या हुन्नराबद्दल, वैद्यकाबद्दल, ज्योतिषाबद्दल; जेवणात भात, भाजी आणि तिळाचं तेल. १७व्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपूरकडे याच भागातून गेला. नवापूर त्याला विणकरांनी भरलेलं मोठं गाव दिसलं, पण तिथला मुख्य व्यापार तांदळाचा. दाणा बारीक, शिजला की बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा. मोठे सरदार दुसरा तांदूळ खात नाहीत आणि इराणात कोणाला नजराणा द्यायचा तर याचं पोतं पाठवावं, असं तो सांगतो. आज भौगोलिक मानांकनाच्या यादीत नवापूरचं नाव आहे ते तूरडाळीसाठी. गाव तेच, वाट तीच आणि तीनशे-साडेतीनशे वर्षांत नाव कमावणारा माल बदललेला. खेळात नवापूरच्या चौकोनावर काय लिहायचं?

मिरचीने तर ही अडचण आणखी वाढते. नंदुरबार म्हटलं की आज मिरचीच आठवते. हंगामात बाजार समितीत ओल्या लाल मिरचीचे ढीग लागतात, व्यापारी ती घेऊन गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत घालतात. फापडा, जरेला, लाली, शंकेश्वरी असे वाण वेगळे मांडलेले. बाया उन्हात बसून देठं खुडतात. अवकाळी पाऊस आला तर पथारीवरचा माल तिथेच काळा पडतो. ज्याने हे पाहिलं तो नंदुरबारला मिरचीच देईल, आणि आजच्या काळावरच्या खेळात ते बरोबरच ठरेल. पण १४४४च्या पटावर भारतभर मिरचीचं एक झाडही नसायला हवं. ती अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर १६व्या शतकात इकडे आली. ‘खानदेशी संस्कृतीचा माल: मिरची’ असं लिहिणारा खेळ खानदेशाचा गौरव करायला जाईल आणि इतिहास चुकवेल.

घोड्याचं उदाहरण उलट्या बाजूचं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. राजस्थान, पंजाब, गुजरातहून जनावरं येतात. गिऱ्हाईक चाल पाहतो, दात पाहतो, भोवरे पाहतो, मग बोली. इथे घोडा पैदा होत नाही, तरीही घोड्याच्या व्यापारात सारंगखेड्याचं नाव आहे. जमिनीत काय पिकतं एवढंच मोजणारा नियम या गावाला शून्य देईल. मराठ्यांना घोडे बहाल करणारा नियमही इथे अपुरा पडतो. दख्खनला भीमथडी तट्टू होतं, पण चांगला घोडा बंदरातून आणि उत्तरेतून विकत आणावा लागे. मराठ्यांचं बळ त्या तट्टावर लांब मजल मारण्याच्या सवयीत होतं, आणि ते खेळात मालाच्या रकान्यात मावत नाही.

‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या सरकारी योजनेतही एका जागेला एकच माल हाच नियम आहे; नंदुरबारच्या वाट्याला मिरची आली आहे. त्याचा फायदा नाकारू नये: एका मालावर लक्ष धरलं की प्रक्रिया, वेष्टन, बाजार यांची साखळी उभी करायला सोपं जातं. पण त्याच जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरा आणि भिल्ल कुटुंबं उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, फोडी करून उन्हात वाळवतात, आमचूर करतात. फोड जितकी पांढरी तितका भाव चांगला. मोहाची फुलं वेचली जातात, ती विकली जातात, खाल्ली जातात, अडचणीच्या दिवसांत पोटाला आधार देतात. एकच नाव लिहायचं ठरलं की रोख पैशाचा, मोठ्या बाजाराचा माल जिंकतो आणि डोंगरातला माल सुटतो. माझ्या माहितीतल्या कोणत्याही मोठ्या खेळात मोह हा व्यापारी माल नाही. हा योगायोग मला वाटत नाही.

विरुद्ध बाजूचा खरा मुद्दा सोपेपणाचा आहे आणि तो मी हलका धरत नाही. सहा जण संध्याकाळी पट मांडून बसले तर प्रत्येक जादा नियमाने खेळ रेंगाळतो. संस्कृतीला तिचा माल दिला की ती लगेच ओळखू येते; सगळ्यांना सगळं मिळू शकलं तर मराठे आणि मोगल यांत फरक रंगापुरताच उरतो. काही खेळ मधली वाट काढतात: माल जमिनीवरच ठेवतात, पण एखाद्या संस्कृतीची सुरुवात तिला सोयीच्या भूमीजवळ करून देतात. दोन तासांच्या खेळाला एवढं पुरे.

शतकानुशतकांचा पट असेल तर मात्र मालावर तारीख हवी. तो जमिनीला बांधावा, आणि संस्कृतीला तिचा हुन्नर द्यावा. रेशमाचं हेच झालं: चीनने ती विद्या फार काळ राखली, पण हळूहळू ती बाहेर पडली, आणि ६व्या शतकात रेशीमकिड्यांची अंडी बायझंटाइन साम्राज्यातही पोहोचली. हुन्नर शिकता येतो, चोरता येतो, गमावता येतो. म्हणून त्याच्यावर खेळ उभा राहतो. मालाची किंमतही दूरच्या घटनांनी हलू द्यावी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५मध्ये, मँचेस्टरचा कापूस तुटला आणि खानदेशच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव पडला. या चढ-उताराचं कारण खानदेशातल्या शेतात नव्हतं.

मला नंदुरबारचा चौकोन लिहायला मिळाला तर सुरुवातीला मी तिथे कपाशी, तीळ आणि नवापूरकडे सुवासिक तांदूळ ठेवीन. सुरत-बऱ्हाणपूर वाट ज्याच्या ताब्यात त्याला जकात. पश्चिम किनाऱ्यावरच्या एखाद्या बंदराचा अमेरिकेशी संबंध आला की पुढच्या काळात मिरचीचा पर्याय उघडेल, तांदूळ सोडून तूर लावायचाही. सातपुड्याच्या चौकोनांवर मोह असेल. बाजारात त्याला किंमत थोडी ठेवीन, पण ज्याच्याकडे तो आहे त्याची वस्ती दुष्काळाच्या फेरीत उठणार नाही. हा शेवटचा नियम खेळाचा तोल बिघडवेल का, हे मात्र खेळून पाहिल्याशिवाय ठरवता येणार नाही.