नाव हरवते, बिऱ्हाड सापडते

मुंबईत १७९६ साली सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल. ठाऊक नसेल तर ही दोन माणसे वाटतील!

न्यूयॉर्कच्या ज्यू घरांतही हाच घोटाळा. रशियातून आलेला मोईशे शिरगणतीत मॉरिस होऊन बसलेला. बंदरावरच्या कारकुनाने नाव बदलले, असे घरोघर सांगतात. पण त्या कारकुनापुढे जहाजाचीच यादी असे. नावे बहुधा लोकांनीच मागाहून बदलली.

मग पणजोबा शोधावे कसे? नाव सोडावे, बिऱ्हाड धरावे. मुलांचा क्रम, वयांतले अंतर, अमेरिकेत आल्याचे साल जुळते का, ते पाहावे. १९१० च्या शिरगणतीत मातृभाषा ‘यिडिश’ अशी नोंदही सापडते. तेव्हा बायकांना आणखी एक प्रश्न होता : मुले झाली किती, हयात किती? उत्तर ‘सात, चार’ असले, की वाचणारा थबकतो. त्या तिघांची नावे त्या कागदावर कुठेच नसतात.

म्हणून म्हणतो, वाचकहो, फराळाला सारे जमाल तेव्हा आजीला घरच्यांची नावे विचारा. गेलेल्यांचीही. आणि लिहून ठेवा.