घरातलं घरातच?

मैत्रिणींनो, गेली काही वर्षं आपल्या शहरांतून, आणि आता तालुक्याच्या गावांतूनही, एक नवा छंद रुजतो आहे. घरातलं कुणीतरी, बहुतेक वेळा नवरा, दीर किंवा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, बाजारातून सुटे भाग आणतो आणि घरातले दिवे, पंखे, टी.व्ही., पाण्याचा पंप आवाजावर चालतील असे करून टाकतो. ‘दिवा लाव’ म्हटलं की दिवा लागतो. ‘पंखा बंद कर’ म्हटलं की पंखा थांबतो. आलेगेले कौतुक करतात आणि घरातल्या बाईला म्हणतात, ‘वहिनी, आता तुम्हांला काय, आरामच आहे!’

या आरामाबद्दल मला चार शब्द बोलायचे आहेत. मी मुळात आय.टी.आय.मधून वायरमनचा कोर्स केलेली बाई आणि आता बरीच वर्षं संघटनेच्या सल्ला केंद्रात बसते. त्यामुळे बोर्डामागची वायर मला दिसते, आणि त्या घरातली बाईही दिसते.

आधी हे प्रकरण आहे तरी काय, ते समजून घेऊ. न समजलेल्या वस्तूची एक तर भीती वाटते, नाही तर अप्रूप वाटतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत काहीशे रुपयांत दोन वस्तू मिळतात. पहिली म्हणजे वाय-फायवरून निरोप घेणारी बोटभर लांबीची पट्टी. तिच्यावर बहुधा ईएसपी ८२६६ नावाची चिप असते. दुसरी वस्तू रिले. रिले म्हणजे बोटाऐवजी विजेनं दाबलं जाणारं बटण. पट्टीनं बारीकसा इशारा दिला की रिलेतलं लोहचुंबक आतला पत्रा ओढून घेतं आणि २३० व्होल्टचा दिवा लागतो. वर बोलका डबा हवा. ॲमेझॉनचा असा डबा अमेरिकेत २०१४ मध्ये आणि भारतात २०१७ मध्ये आला. आपण बोललेलं वाक्य इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातं, तिथे त्याचा अर्थ लागतो आणि हुकूम होऊन घरात परत येतं. बस्स, एवढंच. स्वेटरचा नमुना नुसता पाहून उतरवून घेणारी बाई हे चार दिवसांत शिकेल.

आता आरामाचा हिशोब मांडू. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. दिवसभरात बिनपगारी घरकाम केलं असं सांगणारे पुरुष शंभरात २६ होते आणि बायका ८१. हे काम करणाऱ्या बाईचे रोजचे सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होते, तर पुरुषाचे ९७. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे मधल्या पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाची नऊ!

यात नवल नाही. आवाजावर काय चालतं ते पाहा. दिवा, पंखा, टी.व्ही., एअर कंडिशनर. या सगळ्यांत वाचतं ते बटण दाबणं. पण बटण दाबणं हे आपलं काम होतंच कधी? भाजी निवडणं, कणीक मळणं, संडास घासणं, आजारी सासऱ्यांचं अंग पुसणं, उद्या दूधवाल्याचे पैसे द्यायचे आहेत हे लक्षात ठेवणं, यातलं कोणतं काम ‘कर’ म्हटल्यानं होतं? कपडे धुण्याचं यंत्र आवाजावर सुरू होईल. पण कपडे गोळा करून त्यात घालणं, पिळलेले वाळत टाकणं, घड्या करणं हे कुणी करायचं? अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मधल्या आपल्या पुस्तकात हेच दाखवून दिलं. त्यांचं म्हणणं असं की घरात यंत्रं आली तेव्हा त्यांनी आधी पुरुषांची आणि मुलांची कामं काढून घेतली. आईचं काम उरलंच, उलट स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या तसं तेही वाढलं. आपल्याकडे शेतातला पंप घरबसल्या मोबाइलवरून चालू करण्याची सोय कितीतरी शेतकऱ्यांनी करून घेतली. रात्री-अपरात्री वीज येते तेव्हा ती हवीच. पण त्याच घरातली बाई प्यायच्या पाण्याचा हंडा अजून डोक्यावर आणत असेल, तर कुणाच्या कष्टांना आधी यंत्र मिळतं हा प्रश्न विचारावाच लागतो.

आणखी एक गोष्ट. हुकूम ऐकणाऱ्या या यंत्रांना सुरुवातीपासून आवाज दिला तो बहुधा बाईचा. युनेस्कोनं २०१९ मध्ये यावर एक अहवालच काढला. ॲपलच्या ‘सिरी’ला कुणी बाईवरची शिवी दिली तर ती पूर्वी जे लाजरं उत्तर द्यायची, तेच त्या अहवालाचं नाव आहे. घरातलं लहान पोर दिवसभर एका बाईच्या आवाजाला ‘ए, हे कर, ते कर’ म्हणतं. ती कधी दमत नाही, कधी उलटून बोलत नाही. त्याच्या मनावर काय ठसत असेल?

पण मैत्रिणींनो, माझी खरी काळजी याहून वेगळी आहे. हे सगळं ज्यानं बसवलं, त्याच्या हातात घराच्या चाव्या जातात. अशा प्रत्येक व्यवस्थेत एक मालक-खातं असतं, त्याला ‘ॲडमिन’ म्हणतात. पासवर्ड त्याच्याकडे असतो. इतरांना किती दार उघडायचं हे तो ठरवतो. आणि ही व्यवस्था नुसते हुकूम पाळत नाही, नोंदही ठेवते. पहाटे पाचला स्वयंपाकघरातला दिवा लागला. दुपारी दोन ते चार खोलीतला पंखा चालू होता, म्हणजे ही झोपली होती. पावणेपाचला दार उघडलं, सव्वासहाला पुन्हा उघडलं. दीड तास ही कुठे होती? सासूबाईंना पूर्वी जे ओट्यावर बसून डोळ्यांनी करावं लागायचं, ते आता तारीख-वेळेनिशी आपोआप लिहून ठेवलं जातं.

आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईचा नवरा परगावी नोकरीला होता. दोघांत फोनवर भांडण झालं की तो तिथून घरातले पंखे बंद करायचा. रात्री मुलं झोपल्यावर अचानक सगळे दिवे लागायचे. ती माहेरी सांगायला गेली तर लोक म्हणाले, ‘वायरिंगमध्ये दोष असेल, इलेक्ट्रिशियनला दाखव.’ अंगावर वळ नाही, शिवीचा शब्द नाही. तिनं सांगायचं काय आणि कुणाला? हे केवळ आपल्याकडेच घडतं असं नाही. न्यूयॉर्क टाइम्सनं जून २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अशा बायकांच्या हकिगती छापल्या. दाराच्या कुलपाचा आकडा रोज बदलायचा, एअर कंडिशनर आपोआप बंद व्हायचा. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये एका नवऱ्याला अकरा महिन्यांची कैद झाली. वेगळ्या राहणाऱ्या बायकोच्या घरातले दिवे आणि हीटर चालवण्यासाठी भिंतीवर जो टॅबलेट लावला होता, त्यातूनच तो तिचं बोलणं ऐकत होता.

इथे जाणकार मंडळी म्हणतील, ‘कंपन्यांचे डबे घेऊच नका. स्वतः बनवा.’ त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. २०१३ पासून ‘होम असिस्टंट’ नावाची मुक्त प्रणाली फुकट मिळते. रास्पबेरी पायसारख्या पत्त्याच्या जोडाएवढ्या संगणकावर ती चालते. नीट जुळणी केली तर आपला आवाज घराबाहेर जातही नाही. कंपन्यांवरचा अविश्वास रास्तच आहे. मुलांच्या आवाजाच्या नोंदी हव्या त्याहून जास्त काळ ठेवल्याबद्दलच्या खटल्यात २०२३ मध्ये ॲमेझॉननं अमेरिकेत अडीच कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. तेव्हा आपलं बोलणं घराबाहेर जाऊ नये, हे बरोबर आहे.

पण ‘घरातलं घरातच राहतं’ हे वाक्य आपण पहिल्यांदा ऐकतो आहोत का? मार खाल्लेल्या प्रत्येक बाईला हेच सांगितलं गेलं आहे. आई सांगते, सासू सांगते, चौकीतला हवालदार सांगतो. कंपनी घराबाहेर राहिली म्हणून बाई सुरक्षित होते, असं तोच म्हणेल ज्याला घरात कुणाची भीती नाही. बाईचा खाजगीपणा दोन बाजूंनी राखावा लागतो. एक बाहेरच्यापासून, आणि दुसरा घरातल्यापासून. दुसऱ्याची बात कुणी काढत नाही.

कायदाही इथे अडखळतो. २०२३ मध्ये संसदेनं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. पण एखाद्या व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्यातून वगळली आहे. म्हणजे कंपनीला हा कायदा लागू, नवऱ्याला नाही! बाईच्या इंटरनेटवर किंवा ई-मेलवर पाळत ठेवणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पण पंख्याची आणि दाराची नोंद त्यात कशी बसवायची? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जोडीदाराचं चोरून ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालेल. शिवीगाळ सिद्ध करायला बाईला याचा उपयोग होईल, हे मी नाकारत नाही. पण ज्याच्या हातात घराचे कान, त्याच्याकडे पुरावाही जास्त, हेही विसरता येत नाही. मला सर्वांत भक्कम वाटतो तो आपला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाच. त्यात मानसिक छळ आहे, आर्थिक छळ आहे. कलम १८ खाली न्यायालय नवऱ्याला कोणत्याही मार्गानं, इलेक्ट्रॉनिकसुद्धा, संपर्क साधायला मनाई करू शकतं. दूरवरून घरातले दिवे-पंखे चालवून घाबरवणं हा छळच आहे, असं आपल्या अर्जांत स्पष्ट लिहायला आपण सुरुवात केली पाहिजे.

मग ही यंत्रं फेकून द्यायची का? मुळीच नाही. संधिवातानं बोटं आखडलेल्या आजींना, दिसत नसलेल्या मैत्रिणीला, चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीला स्वतःच्या शब्दावर दिवा लावता येणं ही मोठी गोष्ट आहे. त्यासाठी कुणाची मिनतवारी करावी लागत नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच, की हे आपण शिकून घेऊ. ‘वायरमन’ या शब्दातच पुरुष बसलेला आहे. ‘शॉक बसेल, हात लावू नको’ असं मुलींना सांगितलं जातं. शॉक मुलग्यालाही बसतो! दोघांनाही शिकवायचं ते एकच. काम करण्याआधी मेन बंद करा, टेस्टरनं तपासा, घरात ३० मिलिॲम्पिअरची आर.सी.सी.बी. बसवून घ्या. दोन किलोवॅटचा गीझर नऊएक ॲम्पिअर ओढतो, तो दहा ॲम्पिअरच्या स्वस्त रिलेवर टाकू नका.

गटांनी काय करावं? केंद्रात बाई आली की मारहाणीबरोबर तीन प्रश्न आणखी विचारा. तू कधी बाहेर पडलीस हे त्याला न सांगता कळतं का? घरातल्या वस्तू तुझ्या हाताशिवाय चालू-बंद होतात का? पासवर्ड कुणाकडे आहे? उत्तर ‘हो’ आलं तरी डबा लगेच उपटून टाकायला सांगू नका. त्याला ते तत्क्षणी कळेल आणि राग तिच्यावर निघेल. आधी तारीख-वेळ वहीत लिहायला सांगा. दुसऱ्याच्या फोनवरून बोला. तिच्या सुरक्षिततेची सोय करा. मगच यंत्राला हात लावा.

आणि ज्या घरांत तंटा नाही, तिथेही दोन नियम आपण आग्रहानं धरू. भिंतीवरचं साधं बटण नेहमी चाललंच पाहिजे. आणि मालक-खातं बाईच्याही नावावर हवं, तिला ते वापरता येत हवं. सातबाऱ्यावर आणि घराच्या कागदावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण इतकी वर्षं भांडलो. आता घराचा कागद भिंतीतल्या पट्टीतही लिहिला जातो आहे.

तुमच्या गटात असा अनुभव कुणाला आला असेल तर जरूर लिहा. आणि एखाद्या रविवारी दहा-बारा जणी जमणार असाल, तर पक्कड, टेस्टर आणि दोन रिले घेऊन मी यायला तयार आहे.